२३ वेळा ‘सांगता येत नाही’

करिअर निवडायच्या चाचण्यांचं हे प्रकरण आमच्या कॉलेजातल्या बीएससी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे, नाव मात्र देत नाही. गाव पिंपळगाव बसवंतच्या पुढे, निफाड तालुक्यात. घरी तीन एकर द्राक्षबाग आणि थोडा कांदा, माणसं म्हणजे आईवडील, आजी आणि बारावीतला धाकटा भाऊ. रोज एसटीने नाशिकला येणं-जाणं. मी तिला केमिस्ट्री शिकवते, आणि कॉलेजातलं करिअर मार्गदर्शनही माझ्याकडेच आहे. कुणीतरी करायला हवं म्हणून बारा वर्षांपूर्वी ते माझ्या गळ्यात पडलं आणि पुढे आवडायला लागलं. कुठल्या चाचणीने मला हे आधी सांगितलं असतं, असं वाटत नाही.

ऑगस्ट २०२४. प्रॅक्टिकल संपलं होतं, मुलं ब्युरेट धुऊन स्टँडला उलट्या लावत होती. ती जवळ येऊन म्हणाली, “मॅडम, मी बीएड करायचं ठरवलंय. फॉर्म कधी निघतात?” सीईटीची माहिती देऊन मोकळी झाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मी सहज विचारलं, “का गं, शिकवायला आवडतं का?” तिने उत्तर दिलं नाही, मोबाईल काढून दाखवला. मैत्रिणीने इन्स्टाग्रामवर पाठवलेल्या लिंकवरची ती सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी होती. बसमध्ये दहा मिनिटांत सोडवलेली. चार अक्षरं, एक गोंडस चित्र आणि खाली परिच्छेद : तुम्ही इतरांची काळजी घेता, जबाबदारी टाळत नाही, पण आतून कधीकधी स्वतःबद्दल शंका वाटते. योग्य क्षेत्रं : शिक्षण, नर्सिंग, समाजकार्य.

“सगळं तंतोतंत माझंच आहे, मॅडम.”

१९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. आठवड्याने प्रत्येकाच्या हातात ‘तुझा’ अहवाल ठेवला आणि तो किती जुळतो, त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. अहवाल मात्र सगळ्यांना एकच दिलेला होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली, पण मोबाईल लगेच खिशात गेला. मला वाईट वाटलं. एकवीस वर्षांच्या मुलीला ‘ही मीच’ असं काहीतरी सापडलं होतं आणि मी त्यावर पाणी ओतलं.

त्या सोळा प्रकारांचं मूळ कार्ल युंगच्या १९२१ च्या मांडणीत आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी त्यावरून चाचणी बांधली. इंटरनेटवर फुकट मिळतात त्या तिच्या नकला. अडचण अशी की प्रत्येक अक्षरामागच्या जोडीत (उदाहरणार्थ अंतर्मुख की बहिर्मुख) माणूस मधल्या रेषेच्या इकडे की तिकडे, एवढंच पाहिलं जातं. रेषेच्या जवळपास असलेल्याचं अक्षर महिनाभरात पालटू शकतं, आणि बहुतेक माणसं रेषेच्या जवळपासच असतात. स्वभावाबद्दल गप्पा सुरू करायला ही चाचणी ठीक आहे. दोन वर्षं आणि फी कुठे घालायची हे तिच्यावरून ठरवू नये.

घरचं म्हणणं

घरात आईवडिलांची दोन मतं होती. वडिलांना एमपीएससी हवी होती. गंगापूर रोडला एखादी अभ्यासिका लाव, दोन-तीन वर्षं खर्च करतो, पण पोरगी सरकारी नोकरीत दिसली पाहिजे. आईचं एकच म्हणणं, जे करायचं ते नाशिकच्या पलीकडे नको. वर्गातल्या मैत्रिणी अंबड-सातपूरच्या किंवा दिंडोरीकडच्या औषध कंपन्यांत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, लागायच्या तयारीत होत्या.

आणि एक जुनी गोष्ट. ही दहावीची २०२० ची बॅच, कोरोनामुळे जिचा भूगोलाचा पेपर रद्द झाला ती. त्याच वर्षी शाळेत सरकारची कलचाचणी झाली होती आणि हिचा कल आला होता ‘कृषी’. घरात त्याचं हसू झालं. “शेतकऱ्याच्या पोरीचा कल शेतीत, हे सांगायला सरकार कशाला लागतंय?” असं वडील म्हणाले होते म्हणे. हे तिने मला हसतच सांगितलं. पण त्या हसण्यात थोडा अपमान उरला होता, असं मला वाटलं. मुलीला बागेतून बाहेर काढायचं म्हणून वडील राबत होते आणि कागद तिला पुन्हा बागेकडे वळवत होता. तो कागद कुणी परत उघडला नाही.

साठ प्रश्न

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसलो. द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी उरकली होती आणि तिच्या घरी डाऊनी या बुरशीसाठी रोज फवारणी चालू होती, म्हणून ती मधले दोन आठवडे आलीच नव्हती. मी अमेरिकेच्या श्रम खात्याची ‘ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर’ ही आवडीची चाचणी वापरते. फुकट आहे, ६० प्रश्नांची आहे आणि ती स्वभावाबद्दल चकार शब्द विचारत नाही. विचारते फक्त कामाबद्दल. फरशी बसवणं, नवीन औषध शोधणं, कामगारांचा पगार काढणं, एखाद्याच्या वतीने खटला लढवणं, हे करायला आवडेल का? पाच उत्तरं : अजिबात आवडणार नाही, आवडणार नाही, सांगता येत नाही, आवडेल, खूप आवडेल. शिक्षण किती लागेल, पैसा किती मिळेल याचा विचार करू नका, असं सुरुवातीलाच बजावलेलं असतं.

तिच्या मुळाशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचा सिद्धान्त आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना त्यांच्या लक्षात आलं की माणसांच्या कामांचा इतिहास फार थोड्या साच्यांत बसतो. १९५९ साली त्यांनी सिद्धान्त मांडला आणि त्यातून पुढे सहा गट रूढ झाले. मराठीत मी ते असे सांगते : हातकामाचा, शोधक, कलेचा, माणसांत रमणारा, उद्यमी आणि टापटिपीचा. पुस्तकी प्रतिशब्द याहून भारदस्त आहेत, पण ते ऐकून मुलं गप्प होतात.

प्रश्न इंग्रजीत असतात. मी एकेक मराठीत सांगत गेले, ती बोटाने उत्तर दाखवत गेली. असं भाषांतर करून विचारलं की गुणांची तुलना दुसऱ्या कुणाशी करता येत नाही. मला ती करायचीही नव्हती.

काही प्रश्न झाल्यावर तिचा फोन वाजला. भाऊ होता, बागेत फवारणी करत. “ताई, ब्लोअरचं एका बाजूचं औषध नीट पडत नाहीये.” ती माझ्याकडे बघून “एक मिनिट हां मॅडम” म्हणाली आणि पाच मिनिटं बोलत राहिली. आधी प्रेशर बघ. मग त्या बाजूच्या नोझल काढ, चकत्या पाण्यात टाक, तारेने खरवडू नको, भोक मोठं होतं. फिल्टरची जाळी बघितलीस का? जाळीच असेल. मग पलीकडून भाऊ ओरडल्याचा आवाज आला, जाळीच होती. फोन ठेवून ती परत बसली. मी पुढचा प्रश्न वाचला : घरगुती उपकरणं दुरुस्त करणं. तिने बोट ठेवलं ‘अजिबात आवडणार नाही’वर.

मी म्हटलं, “अगं, आत्ता काय करत होतीस?”

“ते काम थोडीच आहे मॅडम. ते घरचं आहे.”

हातकामाच्या दहा प्रश्नांत असं पुन्हा पुन्हा घडलं. फरशी बसवणं म्हणजे गवंडीकाम, स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं म्हणजे सुतारकाम, ट्रकने माल पोचवणं म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक वेळी ती कामाकडे न पाहता ते काम करणाऱ्या माणसाला गावात कोण काय म्हणतं तिकडे पाहत होती. ‘आवडेल का’ या प्रश्नाचं आपल्याकडे ‘शोभेल का’ होतं. मुलींच्या बाबतीत तर होतंच. त्या गटात तिला ४० पैकी ९ गुण पडले आणि ते खोटे होते, तिने खरं सांगूनही.

बाकीचे गुण : शोधक ३१, टापटिपीचा २७, माणसांत रमणारा १९, उद्यमी १४, कलेचा ८.

आता माझी चूक. मी पहिले तीन गट लिहून कागद तिच्या हातात दिला आणि त्या गटांत बसणाऱ्या व्यवसायांची यादीही काढून दिली. इतकी वर्षं मी हेच करत आले होते. तिने यादी वाचलीच नाही. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “बघा मॅडम, माणसांत रमणारा. म्हणजे बीएडच.” आधी ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारून घ्यायला आलेल्या माणसाला मी स्वतःच्या हाताने शिक्का दिला होता.

उत्तरपत्रिका

आठवडाभराने फाइल लावताना मी तिची मूळ उत्तरपत्रिका बघत बसले. निकालाचा कागद नव्हे, ती साठ खुणांची पत्रिका. केमिस्ट्रीच्या माणसाला ही सवय असते. टायट्रेशनचं उत्तर विचित्र आलं तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी रीडिंगं बघायची.

साठपैकी २३ ठिकाणी ‘सांगता येत नाही’ होतं.

या चाचणीत ‘अजिबात आवडणार नाही’ला ०, ‘खूप आवडेल’ला ४ आणि मधल्या ‘सांगता येत नाही’ला २ गुण मिळतात. म्हणजे तिच्या सगळ्या गटांच्या १०८ गुणांत ४६ गुण ‘माहीत नाही’चे होते. आणि ते सारखे पसरलेले नव्हते. ‘शोधक’मध्ये असे तीनच. ‘माणसांत रमणारा’ या गटात दहापैकी आठ! १९ पैकी १६ गुण ‘सांगता येत नाही’चे, आणि उरलेले ३ एका प्रश्नाचे : सेवाभावी संस्थेत काम करणं, ‘आवडेल’. दहावा प्रश्न पाळणाघरात मुलं सांभाळण्याचा होता, त्याला शून्य.

त्या आठांत एक प्रश्न असा : हायस्कूलच्या वर्गाला शिकवणं. बीएडचा फॉर्म मागायला आलेल्या मुलीने त्यासमोर ‘सांगता येत नाही’ म्हटलं होतं, आणि मी ते स्वतःच्या हाताने टिपूनही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून मी एवढंच दाखवलं. ती बराच वेळ पत्रिकेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मी कधी शिकवलंच नाही ना मॅडम. कसं सांगणार?”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा सांधा इथे आहे. आवडीची चाचणी माणसाच्या आत शिरून काही शोधून काढत नाही. माणूस जे जगलाय त्यातून जे सांगतो तेवढंच ती मोजते. गावातून एसटीने कॉलेज आणि कॉलेजातून घर, एवढा प्रवास असलेल्या मुलीने वाटाघाटी पाहिलेल्या नसतात, कोर्ट पाहिलेलं नसतं, प्रयोगशाळा म्हटली की डोळ्यासमोर कॉलेजची. तिच्या ‘सांगता येत नाही’ला गुण देणं म्हणजे कोऱ्या पानाला मार्क देणं. पण तीच कोरी पानं हाताशी धरली तर पुढे काय करायचं ते स्वच्छ दिसतं. आम्ही २३ प्रश्नांची वेगळी यादी केली. त्यातले काही तिने वाचल्यावाचल्या खोडले. मत्स्यबीज केंद्रात मासे वाढवणं, त्यासाठी ती कुठे जाणार नव्हती. बारा ठेवले. प्रत्येकापुढे लिहिलं, हे एक दिवस जवळून कुठे बघायला मिळेल?

हायस्कूलचं सगळ्यात सोपं होतं. दिवाळीनंतर तिच्याच जुन्या शाळेत नववीला तीन दिवस विज्ञानाचे तास घेतले. परत आली ती घसा बसवून. समजावून सांगायला फार आवडलं, विशेषतः तास संपल्यावर दोन-तीन मुली मागे थांबायच्या तेव्हा. पण साठ मुलांना गप्प बसवणं? “मॅडम, तुम्ही हे रोज कसं करता?” मी उत्तर टाळलं.

मशीन काम करतं

जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू झाला. निर्यातीच्या बागेतल्या मालाची कीडनाशकांच्या अंशांसाठी तपासणी व्हावी लागते, त्याशिवाय तो युरोपला जात नाही. बागायतदार याला नुसतं ‘रेसिड्यू’ म्हणतात. माझा एक जुना विद्यार्थी अशा प्रयोगशाळेत आहे. त्याच्या ओळखीने तिला दोन दिवस तिथे बसायला मिळालं. शोधक ३१ आणि टापटिपीचा २७ असलेल्या केमिस्ट्रीच्या मुलीसाठी हीच जागा, अशी माझी खात्री होती. लिहून ठेवण्याइतकी. ठेवलीही होती.

पहिला दिवस तिने आत काढला. द्राक्षं मिक्सरमध्ये बारीक होतात, सॉल्व्हंट घालून अर्क काढतात, सेंट्रिफ्यूज फिरतं, वरचं द्रावण इवल्याशा बाटलीत जातं आणि बाटली मशीनमध्ये. एलसी-एमएस नावाचं ते मशीन रात्रभर एकेक बाटली उचलत राहतं. सकाळी माणसं स्क्रीनवर शिखरं तपासतात आणि नोंदी करतात. पुष्कळ नोंदी. तिचा अभिप्राय एका वाक्याचा होता : “मॅडम, मशीन काम करतं आणि माणूस वाट बघतो.”

दुसऱ्या दिवशी नमुने आणायला जाणाऱ्या मुलाबरोबर ती दिंडोरीकडच्या दोन बागांत गेली. प्रयोगशाळेचा माणूस स्वतः प्लॉटवर जाऊन, बागभर फिरून घड घेतो. बागायतदाराने आपणहून आणून दिलेला माल चालत नाही. त्या दिवसाबद्दल ती थांबेचना. एका बागेतल्या माणसाने काढणीच्या किती दिवस आधी शेवटची फवारणी केली ते सांगितलं आणि हिने मनात हिशेब करून म्हटलं, काका, त्या औषधाचा पीएचआय (फवारणी ते काढणी ठेवायचं अंतर) अजून संपलेला नाही, चार दिवस थांबा, आता नमुना दिला तर फेल जाईल. नमुना घेणारा मुलगा गप्प, कारण सल्ला देणं हे त्याचं काम नव्हे. बागायतदाराने हिला चहा पाजला.

“तुला हे पाठ कसं?” मी विचारलं. तेव्हा मला पहिल्यांदा डायरीबद्दल कळलं. आठवीपासून घरच्या फवारणीची डायरी ही लिहिते. तारीख, प्लॉट, औषध, एकरी प्रमाण, काढणीपर्यंतचे दिवस. पुढच्या वेळी ती मागच्या सहा वर्षांच्या वह्या घेऊन आली. दोनशे पानी, मागे पाढे छापलेल्या. २०२१ च्या वहीत एका पानावर लाल पेनाने चौकट होती : ‘दुकानदार म्हणाला चालेल. लेबलवर द्राक्ष नाही. पप्पांना नाही म्हणाले.’ वय सतरा. साठ प्रश्नांत जे आलं नाही ते त्या एका चौकटीत होतं.

म्हणून आता मी चाचणीआधीच विचारते, कुणीही मागे न लागता तू सलग दोन वर्षं काय करत आलायस? बहुतेकांना काहीच आठवत नाही. मग दोन दिवसांनी आठवतं.

पत्ते

आवडीखेरीज माणसाला कामातून काय हवंय हे वेगळं काढावं लागतं. त्यासाठीही तयार प्रश्नावल्या आहेत, पण मी घरगुती पत्ते वापरते. जुन्या जर्नलच्या पाठकोऱ्या पानांचे वीस तुकडे, प्रत्येकावर एक गोष्ट : ठरलेला पगार, रोज घरी परतणं, कुणाच्या हाताखाली नसणं, नाव होणं, नवीन शिकायला मिळणं, उन्हात न राबणं, नातेवाइकांना एका शब्दात सांगता येईल असं पद, आणि असंच. आधी तीन गठ्ठे करायचे : हवंच, चालेल, नको. मग ‘हवंच’मधले पाचच ठेवायचे.

तिच्या ‘हवंच’मध्ये अकरा होते. अकराचे सात पटकन झाले. साताचे पाच करताना ‘रोज घरी परतणं’ हा पत्ता तिने चार वेळा उचलला आणि चार वेळा परत ठेवला. शेवटी विचारलं, “मॅडम, हा माझा आहे की मम्मीचा?” मी म्हटलं, ते तूच सांगायचंस. तिने तो पत्ता मधोमध फाडला, अर्धा ठेवला आणि अर्धा बाजूला सरकवला. इतक्या वर्षांत पत्ता फाडणारी ही पहिलीच. ‘उन्हात न राबणं’ पहिल्याच फेरीत ‘चालेल’मध्ये गेलं होतं. वडिलांच्या यादीत तेच पहिलं असणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

वडील फेब्रुवारीत आले, ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला नाशिकला आले होते म्हणून. खुर्चीच्या कडेवर बसले. मी वह्यांबद्दल बोलले तेव्हा त्यांनी २०१० सालचं काढलं. त्या वर्षी भारतीय द्राक्षांत युरोपात क्लोरमक्वाटचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीची वाढ आवरण्यासाठी मारलं जायचं. “आम्ही मारलं तेव्हा कुणी नको म्हटलं नव्हतं, मॅडम. माल गेला, पैसे आले नाहीत. म्हणून हिला वही घालून दिली. आणि म्हणूनच हिला यात ठेवायचं नाही.” एकाच कारणातून दोन उलटी वाक्यं निघाली होती आणि त्यांना ती उलटी वाटत नव्हती. मलाही त्या क्षणी वाटली नाहीत.

मी त्यांना पर्याय सांगितले, तेही घाईघाईत, कारण त्यांना बस गाठायची होती. कृषी खात्यातल्या कृषी सहायकासारख्या पदांना शेतीचीच पदवी-पदविका लागते, ती वाट हिला बंद आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला नुसती केमिस्ट्रीची बीएससी चालत नाही, एमएससी चालते. ही सरकारी नोकरी आहे आणि हिच्या वहीशी तिचं नातं आहे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला केमिस्ट्रीची विज्ञान पदवी चालते, हे ऐकून ते चमकले. गावात औषधाचं दुकान टाकायला शेतीचीच पदवी लागते असं त्यांना वाटत होतं. बीएड एमएससीनंतरही करता येतं, आणि मग ज्युनिअर कॉलेजला शिकवता येतं, जिथे पोरं जरा कमी ओरडतात. उठताना त्यांनी विचारलं, “बाप म्हणून विचारतो. ती चाचणी काय म्हणते?” मी म्हटलं, दादा, चाचणी काहीच म्हणत नाही. ते थोडे नाराज होऊन गेले.

त्याच महिन्यात व्यापारी माल बघायला आला तेव्हा ही पहिल्यांदा चहा ठेवून आत न जाता ओट्यावर बसून राहिली. यादीतला ‘व्यवहाराच्या वाटाघाटी करणं’ हा प्रश्न तिने तिथे निकालात काढला. व्यापाऱ्याने मणी तोडून ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, पाहिली, नाक मुरडलं, किलोमागे भाव पाडून सांगितला. वडील घासाघीस करत होते. ही आतून रेसिड्यूचा रिपोर्ट घेऊन आली आणि समोर ठेवला. भाव किती वाढला ते तिने मला सांगितलं नाही. “थोडा वाढला” एवढंच. पण त्या प्रश्नासमोर तिने नंतर ‘आवडणार नाही’ लिहिलं. “जमतं मॅडम, पण आवडत नाही. पोटात गोळा येतो.” जमणं आणि आवडणं वेगळं असतं हे मी वर्गात कितीदा सांगितलंय, ते तिला ओट्यावर कळलं.

दुसरी फेरी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तेच साठ प्रश्न पुन्हा विचारले. ‘सांगता येत नाही’ २३ वरून ११ वर आले. हातकामाचा गट ९ वरून २१ वर गेला. या चार महिन्यांत तिचा स्वभाव बदलला नव्हता. ब्लोअर, नोझल, गोडी मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर या गोष्टीही ‘काम’ असू शकतात, एवढंच तिने मान्य केलं होतं. ‘माल पाठवण्याआधी सुट्या भागांची गुणवत्ता तपासणं’ या प्रश्नापुढे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘भाग म्हणजे द्राक्षं धरली तर खूप आवडेल’. शोधक ३१ चे २९ झाले. प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवसाचे ते दोन गुण असावेत. माणसांत रमणारा १९ चे २२. वाढ किरकोळ दिसते, पण आधीचे १९ पोकळ होते आणि आताच्या २२ मध्ये ‘सांगता येत नाही’ फक्त तीन. हायस्कूलला शिकवणं : ‘आवडणार नाही’. एकेकट्याला समजावून सांगण्याचे प्रश्न : ‘आवडेल’.

माझी लिहून ठेवलेली खात्री मी तिला दाखवली. प्रयोगशाळा, विश्लेषक. ती म्हणाली, “अर्धं बरोबर आहे.” नमुना, माणूस आणि कागद यांच्या मधली जी जागा आहे ती तिला हवी होती, आणि त्या जागेला अजून नीट नाव नाही. निर्यातदार कंपन्यांत, शेतकरी कंपन्यांत, प्रमाणीकरणाच्या कामात अशी माणसं असतात. प्रत्येक ठिकाणी हुद्दा वेगळा. ‘नातेवाइकांना एका शब्दात सांगता येईल असं पद’ हा पत्ता तिने ‘नको’त टाकला नव्हता, ‘चालेल’मध्ये ठेवला होता. तेवढी अडचण राहणार.

जून २०२५ मध्ये तिने नाशिकमध्येच एमएससीला, अॅनालिटिकल केमिस्ट्रीला प्रवेश घेतला. येत्या हंगामात, जानेवारी ते मार्च, सुट्टीच्या दिवशी नमुने आणायच्या कामाला येशील का, असं त्या प्रयोगशाळेने विचारलंय. वडिलांना अन्न सुरक्षा अधिकारी हे तीन शब्द पाठ झालेत आणि ते पाहुण्यांना तेच सांगतात. ती खोडून काढत नाही. परीक्षा देईन असंही म्हणते, पण त्यासाठी अभ्यासिका लावायला तयार नाही. आईसाठीचा अर्धा पत्ता सध्या शाबूत आहे, एमएससी होईपर्यंत तरी.

उरलेल्या अकरांतले चार प्रश्न तिने या वर्षासाठी काढलेत. पहिला आहे ‘एखाद्याच्या वतीने खटला लढवणं’. अन्न भेसळीच्या खटल्यात विश्लेषकाचा अहवाल पुरावा म्हणून कसा टिकतो ते तिला बघायचंय. जिल्हा न्यायालय सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, लागूनच आहे. घरची बस चुकली की पुढची लागेपर्यंत तास-दीड तास तिथे जाऊन बसता येईल, असं तिने स्वतःच शोधून काढलंय.